तळघरातलं सेबुआनो

ॲन आर्बरमध्ये मला राहायला खोली मिळाली ती सेबुआनो शिकण्याच्या अटीवर. हे वाक्य मी आजवर निदान शंभर जणांना ऐकवलं असेल, आणि दर वेळी पुढचा प्रश्न ठरलेला असतो. सेबुआनो म्हणजे काय? एका बाईंना ते चीज वाटलं होतं. आमच्या एका मेहुण्यांना अजूनही तो कराटेचा प्रकार वाटतो आणि मी त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही, कारण त्यामुळे ते माझ्याशी जपून वागतात.

तर सेबुआनो ही भाषा आहे. फिलिपीन्समध्ये सेबू नावाचं एक लांबट बेट आहे. त्या बेटावर आणि आजूबाजूच्या बऱ्याच बेटांवर ती बोलतात. मी ती शिकले मिशिगनमध्ये, एका घराच्या तळघरात, घर तापवायची भट्टी आणि वॉशिंग मशीन यांच्या मधल्या जागेत, एका सांगलीकर गृहस्थांकडून.

ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. मी पुण्याहून सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला आले होते आणि दोन सुटकेसा घेऊन या सांगलीकर काकांच्या दारात उभी होते. काकांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या अंगात टाय-सूट होता आणि डोक्यावर माकडटोपी. ती ते मे महिन्यापर्यंत घरातही काढत नसत. त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले. सिगरेट ओढतेस का? नाही. रविवारी सकाळी दहा ते बारा मोकळी असतेस का? हो.

"मग वर जा, डावीकडची खोली तुझी," काका म्हणाले. "पहिला धडा परवा."

कसला धडा, हे विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं. मला वाटलं, गीतेचा असेल.

काका साठीला टेकलेले होते. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ते तपासनीस होते. म्हणजे सुटा भाग हातात घ्यायचा, मोजायचा आणि बहुतेक वेळा नापास करायचा. पण त्याच्या कितीतरी आधी, साठच्या दशकात, ते साखर कारखान्यांची यंत्रं बसवत हिंडत असत, आणि त्यात त्यांची दोन वर्षं सेबूच्या उत्तर टोकाला एका कारखान्यात गेली होती. तिथल्या ऊसतोड्यांकडून, गाडीवानांकडून आणि खानावळीतल्या आचाऱ्याकडून ते ही भाषा शिकले. पुढे सेबू सुटलं, साखर सुटली, सांगलीही सुटली. भाषा मात्र त्यांनी सोडली नाही. ती जिवंत ठेवायची तर कुणाशी तरी बोलायला हवी, आणि बोलायला कुणी नसेल तर बोलणारी माणसं तयार करायला हवीत, असं त्यांचं साधं इंजिनियरी गणित होतं. कच्चा माल म्हणून मिशिगनमध्ये मराठी विद्यार्थी मुबलक मिळत.

मी रुजू झाले तेव्हा वर्गात माझ्याशिवाय तिघे होते. त्यांपैकी दोघे संख्याशास्त्रवाले होते आणि ते काकूंच्या पोह्यांसाठी येत. तिसरा नागपूरचा डॉक्टर. तो गावातल्या एका लहानशा हॉस्पिटलात रेसिडेंट होता आणि तोही पोह्यांसाठीच येई, पण कबूल करत नसे.

काकांची शिकवण्याची पद्धत कारखान्यातून आली होती. प्रत्येक धड्याला पार्ट नंबर असे. आमच्या उच्चारांना मार्क नसत. ते "पास", "रीवर्क" किंवा "रिजेक्ट" असत. रिजेक्ट झालेल्या शब्दावर ते लाल पुठ्ठ्याचं लेबल लावत. म्हणजे शब्द फळ्यावर लिहायचा आणि त्याच्या डोक्यावर लेबल चिकटवायचं. मग महिनाभर तो शब्द वापरायची आम्हाला बंदी. एका हिवाळ्यात माझ्याकडे 'पाणी' हा शब्दच उरला नव्हता. मी वर्गात तहानलेली बसत असे.

आणि 'ङ'. आमच्या बाराखडीतलं हे बिचारं अक्षर, 'वाङ्मय' सोडलं तर त्याला कोण विचारतं? काकांचा त्या अक्षरावर फार जीव. ते म्हणत, मराठीत हा मनुष्य जन्मभर बेकार बसलाय आणि सेबुआनोत बघा, त्याला दिवसपाळी आहे, रातपाळी आहे, ओव्हरटाइम आहे. सकाळी भेटलं की 'मा-आयोङ बुन्ताग'. का, असं विचारायचं तर 'ङानो'. आम्ही चौघं ओळीनं उभे राहून नाकातून 'ङा ङा ङा' असा जप करायचो आणि नेमक्या त्याच वेळी काकू कपड्यांचं मशीन सुरू करायच्या.

हे त्या मुद्दाम करत, यात मला शंका नाही. आठवड्याचे सात दिवस होते, पण काकूंचे कपडे रविवारी दहालाच मळत. मशीन पिळायला लागलं की अख्खं तळघर थरथरायचं आणि काका फळ्याला टेकून गप्प उभे राहायचे. डोळे मिटलेले, टोपी खाली ओढलेली. मशीन थांबलं की सोडल्या जागेपासून वाक्य पुढे सुरू.

मी एकदा काकूंना विचारलं की तुम्ही का नाही शिकलात. काकू मिरच्या चिरत होत्या. म्हणाल्या, "मी तेव्हा सांगलीत होते. दोन पोरं आणि सासूबाई. दुसऱ्यांचे नवरे परदेशातून ट्रान्झिस्टर घेऊन आले. हे ही भाषा घेऊन आले."

तळघराबाहेरही काकांचं सेबुआनो चालू असे. तिकडे वाटेत कुणी भेटलं की कुठं निघालात म्हणून विचारायची रीत आहे, थेट आपल्यासारखी. उत्तरही आपल्यासारखंच, काही न सांगणारं. 'आसा का पादुलोङ?' 'दिहा लाङ.' म्हणजे कुठं निघालात, तर हे इथंच. काकांनी हा रिवाज आमच्या गल्लीत सुरू केला, तोही इंग्रजीत. अंगणातल्या बर्फात उभं राहून ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक अमेरिकनाला खणखणीत आवाजात विचारायचे, "व्हेअर आर यू गोइंग?" पहिल्या वर्षी लोक दचकून रस्ता ओलांडत. दुसऱ्या वर्षी खरी उत्तरं द्यायला लागले. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्यानं आपण वकिलाकडे मृत्युपत्र बदलायला निघालो आहोत, हे सबंध गल्लीत फक्त काकांना सांगितलं होतं.

दुसरी रीत जेवणाची. कारखान्याच्या खानावळीत डबा उघडला की नजरेच्या टप्प्यात असेल त्या प्रत्येकाला 'मङाओन ता' म्हणायचं. आपण जेवूया, या. ऐकणारा म्हणतो, माझं झालंय. त्याचं झालेलं नसलं तरी तसंच म्हणतो. काकांच्या ते इतकं अंगवळणी पडलं होतं की पोस्टमनला, नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला आणि टीव्हीवर बातम्या देणाऱ्या गृहस्थांनाही ते पहिला घास घेण्याआधी 'मङाओन ता' म्हणत. बातम्या देणाऱ्यांच्या उत्तरासाठी क्षणभर थांबतसुद्धा.

आता गोष्टीतला काटा सांगते.

माझ्या प्रयोगशाळेत मनिलाची एक तंत्रज्ञ बाई नवीन लागली. मला कोण आनंद. मी तिला गाठलं आणि एका दमात तीन धडे म्हणून दाखवले. तिनं मान तिरकी करून सगळं मन लावून ऐकलं आणि म्हणाली, "तुमची मराठी कानाला फार गोड लागते हो."

मी ते वर्गात सांगितलं, अर्थात काका वर टोपी शोधायला गेले असताना. मनिलाची भाषा वेगळी, सेबूची वेगळी, हे आम्हाला पाठ होतं. तरी शंका पडली ती पडलीच. डॉक्टरनं लगेच निदान मांडलं. "यार, दोन वर्षं काका तिथं एकटे. ना ओळख, ना पाळख. एकटा माणूस काय वाट्टेल ते करतो. कुणी दाढी वाढवतो, ह्यांनी भाषा बनवली असेल."

आम्ही हसलो. पण मग मला एकेक आठवायला लागलं. डेट्रॉइटला फिलिपिनो लोकांचे मेळावे व्हायचे, त्यांत सेबूची माणसं नक्की असणार. दर वेळी मी काकांना म्हणायचे, चला, मी येते बरोबर. दर वेळी काकांना काहीतरी निघायचं. गाडीचं टायर, छपराची पन्हळ, घसा. वीस वर्षांत हा मनुष्य सेबूच्या एकाही माणसाशी बोलला नव्हता. आणि इतकं प्रेम असूनही तो तशी वेळ टाळत होता.

अशी तीन वर्षं गेली. आणि मग मार्चमधल्या एका रविवारी डॉक्टर वर्गाला उशिरा आला, पोह्यांकडे न बघता सरळ काकांसमोर उभा राहिला.

त्याच्या वॉर्डात एक आजी होत्या, ऐंशीच्या आसपासच्या. मुलगा जहाजावर, समुद्रात कुठेतरी. सून अमेरिकन, ती सासूला घेऊन आपल्या माहेरी मिशिगनला आलेली. आजी बर्फावरून पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, ते छान झालं. पण त्या जेवत नव्हत्या. चार दिवस झाले, दोन घोट पाणी आणि बस. थोडंफार इंग्रजी यायचं तेही बोलायचं त्यांनी सोडलं होतं. सून रोज येऊन रडत होती. उद्या सकाळी नाकातून नळी घालायची असं ठरलं होतं.

"गाव सेबूमधलं आहे," डॉक्टर म्हणाला. "काका, चला ना."

काकांच्या हातातला खडू तुटला. ते म्हणाले, गाडीला बॅटरीचा प्रॉब्लेम आहे. डॉक्टर म्हणाला, मी ड्राइव्ह करतो. काका म्हणाले, घसा जरा. मग म्हणाले, आजचा धडा राहील. मशीन पिळत होतं. काकूंनी ते मध्येच बंद केलं. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"जावा की," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं पोरांना शिकवताय ना?"

काका खाली बघत म्हणाले, "आणि तिला नाही कळलं तर?"

"तर नाही कळलं. तिनं जेवायचं राहिलंय, तुमच्या परीक्षेचं काय घेऊन बसलात?"

काकूंनी डबा भरून दिला, कारण काका साडेबाराला जेवत आणि त्यात पाच मिनिटांचाही फरक त्यांना सोसत नसे. आम्ही तिघं निघालो. गाडीत काका ओठांतल्या ओठांत धडे म्हणत होते.

आजी एवढ्याशा होत्या. उशीवर पांढऱ्या केसांची एक मूठ आणि खिडकीकडे वळवलेलं तोंड. समोर जेवणाचा ट्रे, झाकण काढलेला. पलंगाभोवती सून, नर्स, डॉक्टर आणि मी असे चौघं गोल उभे राहिलो. काका पुढे झाले, टोपी काढली. मार्चमध्ये त्यांचं उघडं डोकं मी पहिल्यांदाच बघत होते.

"मा-आयोङ उद्तो, लोला," काका म्हणाले. शुभ दुपार, आजी.

आजी हलल्या नाहीत. काकांनी आपलं नाव सांगितलं. गाव सांगितलं. प्रकृती विचारली. धडा पहिला संपला, दुसरा संपला. तिसऱ्यात आकडे होते. काका आकडेही बोलून गेले, एकपासून वीसपर्यंत, शाळेतल्या पोरासारखे, हात अंगाला चिकटवून. कपाळावर घाम आला होता. आजींनी एकदा डोळे मिटले, इतकंच. डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याच्याकडे पाहायचं टाळलं, कारण आमच्या मनात तेच आलं होतं. हा मनुष्य खोटारडा नव्हता. पण त्या क्षणी मला वाटलं, त्यानं एकटेपणात एक भाषा खरंच बनवली असावी, आणि ते त्याला स्वतःलाही आत्ताच कळत असावं.

काका थांबले. खुर्ची ओढून बसले. भिंतीवर साडेबारा वाजले होते आणि माणूस हरला तरी त्याला भूक लागते. त्यांनी मांडीवर डबा घेतला, झाकण उघडलं. वरणभात, बटाट्याची भाजी. आणि डब्याकडेच बघत, कुणाकडेही न बघता, पुटपुटल्यासारखं म्हणाले, "मङाओन ता."

उशीवरचं डोकं वळलं.

आजींनी काकांकडे पाहिलं. मग डब्याकडे. मग एक बारीक, कोरडा आवाज आला, "बुसोग पा को, दोङ."

काका हातातला घास तसाच धरून राहिले. त्यांचं तोंड उघडं होतं. सून माझा दंड घट्ट धरून विचारायला लागली, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या. मला कळलं होतं. पार्ट नंबर अकरा. माझं पोट भरलेलं आहे, बाळा. चार दिवसांची उपाशी बाई म्हणत होती, माझं झालंय, तू जेव. आणि 'दोङ' म्हणजे बाळा, पोरा. साठीच्या माणसाला असं कुणी म्हणून किती वर्षं झाली असतील.

काकांना पुढचं सुचवावं लागलं नाही. हा पाठ नव्हता, ही रीत होती. पहिल्यांदा नाही म्हणायचं असतं आणि यजमानानं ऐकायचं नसतं. काकांनी दुसऱ्यांदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं, खुर्ची पुढे ओढत. आजींनी बोट उचलून आम्हा उभ्या चौघांकडे दाखवलं आणि काहीतरी विचारलं. काकांनी आमच्याकडे वळून सांगितलं.

"त्या विचारतायत, ही माणसं जेवलीत का? आणि जेवली नसतील तर उभी का?"

चार दिवस हेच चाललं होतं. ट्रे यायचा आणि माणसं त्यांच्याभोवती उभी राहून, हाताची घडी घालून, त्या जेवतात का बघायची. सगळी उपाशी माणसं, त्यांच्या मते. अशा माणसांसमोर त्या एकट्यांनी घास कसा घ्यायचा? त्या रोज सगळ्यांना आपल्या भाषेत जेवायला बोलवत होत्या, असं पुढे कळलं. कुणाला समजत नव्हतं, आणि कुणी बसतही नव्हतं. म्हणून त्यांनी बोलायचंच सोडलं.

मग एकच धांदल. काकांनी आम्हाला सेबुआनोत आणि मराठीत एकाच वेळी बसायला फर्मावलं. नर्स आपलं सँडविच घेऊन आली आणि दुसऱ्या रिकाम्या पलंगाच्या कडेला टेकली, जे नियमात बसत नव्हतं. डॉक्टरनं खिशातून चॉकलेट काढलं. सुनेकडे सफरचंद होतं. मी भाजीत वाटेकरी झाले. प्रत्येकाच्या हातात काहीतरी आहे, याची आजींनी मान फिरवून खातरी करून घेतली. नर्सनं सँडविचचा घास घेईपर्यंत त्या थांबल्या. आणि मग त्यांनी चमचा उचलला, पण आपल्या ट्रेमध्ये घातला नाही. काकांच्या डब्यात घातला. वरणभात खाल्ला. थोडा वेळ चावत राहिल्या.

त्या जे बोलल्या, त्याचं काकांनी भाषांतर केलं नाही. पण मला समजलं. त्यांना मीठ कमी वाटत होतं.

नळी घालायची ती गोष्ट निकालात निघाली. दुसऱ्या दिवसापासून सून दुपारी आपला डबा घेऊन जायला लागली, आणि काकांनी तिला एका वहीत दोन शब्द रोमन लिपीत मोठ्या अक्षरांत लिहून दिले. म्हणायचं आणि तीनदा म्हणायचं, अशी सूचना खाली.

एप्रिलअखेर आजी काठी धरून हिंडायला लागल्या. एका रविवारी सून त्यांना घेऊन वर्गाला आली. तळघराचे जिने आजींना जमणार नव्हते, म्हणून वर्ग दिवाणखान्यात आला. फळा मी आणि डॉक्टरनं वर आणला. काकूंनी सोफ्यावर ठेवणीतली चादर घातली, पोहे दुप्पट केले आणि त्या दिवशी कपडे धुतले नाहीत. एवढंच नाही, वर्गात येऊन बसल्या. सून शेजारी वही घेऊन. आम्ही चौघं ओळीनं उभे राहिलो आणि काकांनी फूटपट्टी वर केली. आम्ही पहिला धडा म्हणायला सुरुवात केली.

तिसऱ्या वाक्याला आजींच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं, त्यांना त्रास होतोय. त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, काठीवर हनुवटी टेकून. मग सुनेला आणि आम्हाला मोडक्या इंग्रजीत आणि उरलेलं सेबुआनोत सांगितलं, ते असं. त्यांच्या वडिलांकडे उसाच्या गाड्या होत्या. त्या गाड्या हाकणारे गडी असं बोलत, रेड्यांशी बोलताना. आता कुणीच असं बोलत नाही, रेडेसुद्धा नाहीत. आणि उच्चार तर सगळेच्या सगळे चुकीचे आहेत. मग त्या काकांकडे वळल्या, काठी रोखून एक शब्द म्हणाल्या आणि त्यांना तो म्हणायला लावला. काकांनी म्हटला. आजींनी मान आडवी हलवली. पुन्हा. काकांनी पुन्हा म्हटला. पुन्हा. अकराव्या वेळी त्यांनी मान उभी हलवली.

मी काकांकडे भीत भीत पाहिलं. माणसाची वीस वर्षांची पुंजी त्याच्या बायकोसमोर, विद्यार्थ्यांसमोर अशी उधळली गेली होती. पण काकांचा चेहरा, कसं सांगू, लग्नघरातल्या माणसासारखा दिसत होता. ते वळले, फडकं घेतलं आणि सबंध फळा पुसला.

"सगळं खोडा," काका म्हणाले. "पहिल्या पानापासून."

"यार काका," डॉक्टर कळवळला. "तीन वर्षं पाठ केलंय."

"मग आता बरोबर पाठ कर. सांगणारं माणूस आलंय."

त्यांनी फूटपट्टी आजींच्या मांडीवर ठेवली. मग आम्हाला खाली बसवलं, माझ्या वहीतलं एक कोरं पान मागून घेतलं, आमच्या ओळीत डॉक्टरच्या आणि माझ्या मध्ये गालिच्यावर मांडी घालून बसले आणि पानाच्या डोक्यावर आपलं पूर्ण नाव घोटून लिहिलं. आडनावाखाली रेघ मारली. आणि रेघेखाली, अक्षर वळणदार यावं म्हणून जीभ दातांत धरून, लिहिलं: इयत्ता पहिली.